रात्रीच्या लाईटीत वाचलेल्या कादंबऱ्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ओळखीच्या लोकांना विचारलं की वर्षभरात काय काय वाचलं, त्यातली आवडती कोणती, आणि त्यांनी सांगितलेली यादी छापली. मी ती यादी दोनदा वाचली. त्यात पैसा कसा वाढवायचा याची पुस्तकं होती, सवयी कशा लावायच्या, यशस्वी कसं व्हायचं अशी होती, दोन आत्मचरित्रं होती, आणि मराठी कादंबरी फक्त एक. वर एका साहेबांनी लिहिलं होतं की आजकाल कादंबरी वाचायला वेळ कोणाकडे आहे. तेच वाक्य मनात राहिलं म्हणून हे पत्र लिहायला बसलो, थोडं लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

वेळ आमच्याकडे आहे साहेब. मी रावेर तालुक्यातला केळीवाला. आमच्याकडे शेतीची लाईट पाळीनं येते, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आणि रात्रीची पाळी लागली की जेवून शेतात जायचं, लाईट आली की मोटर चालू करायची, फिल्टर धुवायचा, एका प्लॉटचं झालं की व्हॉल फिरवून दुसऱ्या प्लॉटला पाणी सोडायचं. मधला दोन-तीन तासाचा वेळ नुसता बसायचा. पहिले मी मोबाईल बघायचो, अंगठा सरकवत सरकवत पहाट व्हायची आणि काय पाहिलं ते आठवायचं नाही. गेल्या वर्षी जानेवारीत, थंडी फार होती, केळीला थंडी सोसत नाही म्हणून बांधावर काडीकचरा पेटवून धूर करत बसलो होतो, तेव्हा मोबाईलची चार्जिंग संपलेली आणि खोलीत पुतण्याची कॉलेजची पिशवी राहिलेली. त्यात बनगरवाडी होती. डोक्याला लावायची बॅटरी होतीच. त्या रात्री निम्मी वाचली आणि दुसऱ्या रात्री संपवली, तिथून सुरुवात. डिसेंबरपर्यंत सतरा कादंबऱ्या झाल्या. सगळ्या सांगत नाही, ज्या आतपर्यंत गेल्या त्याच सांगतो.

व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी १९५५ सालची. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळेत नेमणूक होऊन जातो, शाळेत पोरंच येत नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे. मग हळूहळू तो वाडीचा होतो, लोकांचे कागद लिहून देतो, भांडणं ऐकतो, तालीम बांधायची म्हणून सगळी वाडी कामाला लागते. सव्वाशे-दीडशे पानांच्या आतबाहेरची गोष्ट, पण त्यात शेकू नावाच्या गरीब गड्याच्या बैलाची जागा त्याची बायको घेते आणि खांद्यावर जू घेऊन औत ओढते, तो प्रसंग आला तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर गेलो. माडगूळकर तिथं रडारड करत नाहीत, माती कशी होती, जू कसं होतं, तेवढं सांगतात आणि पुढे जातात. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. अलीकडे पाऊस लांबला की मला ती रिकामी वाडी आठवते.

त्या पुस्तकापासून मला एक सवय लागली. कादंबरी हातात घेतली की मी पहिले बघतो त्यातल्या माणसाच्या हाताला काम काय आहे. लेखकाला ते काम माहीत आहे का, का नुसतं शेतकरी होता, मजूर होता असं लिहून मोकळा झाला. काम माहीत असलं की मी त्याचं बाकीचं सगळं खरं मानतो. हा काही मोठ्या समीक्षकाचा नियम नाही, पण माझ्यासाठी या वर्षी तोच खरा ठरला.

उद्धव शेळक्यांची धग याच नियमानं मला सगळ्यात मोठी वाटली. १९६० सालची आहे. तालुक्याच्या वाचनालयात अगदी खालच्या रॅकमध्ये, कडेला वाळवीनं थोडी खाल्लेली सापडली. आतल्या तारखेच्या कागदावर माझ्याआधीचा शेवटचा शिक्का २००९ चा. म्हणजे इतकी वर्षं तिला कोणी हात लावला नव्हता, आणि बाहेर टेबलावर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्यायला नंबर लागलेले.

धग कौतिकची आहे. वऱ्हाडातलं गरीब शिंप्याचं घर, नवरा महादेव संसाराला उभा राहत नाही, आणि ही बाई पोरांना घेऊन दुसऱ्याच्या वावरात राबून घर ओढते, पोरगा नामा शिकला पाहिजे म्हणून झटते. हे मी रात्री शेतात सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मायला वाचून दाखवायला लागलो. माय शाळेत गेलेली नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी तिला बारीक दिसत नाही, आणि दिसलं असतं तरी अक्षर ओळखता येत नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती शेंगा फोडत होती, ऐकते का नाही ते पण कळत नव्हतं. चार-पाच पानं झाल्यावर म्हणाली, "आपल्याकडचीच हाये का रे हे बाई? मले-तुले बोलते." मी म्हटलं वऱ्हाडातली आहे. तर म्हणाली मग काय, लांब थोडीच आहे.

साहेब, तिला तोपर्यंत वाटत होतं की पुस्तकातली माणसं मला-तुला बोलतात, मले-तुले बोलणारी माणसं पुस्तकात नसतात. आमची तावडी बोली वेगळी आणि वऱ्हाडी वेगळी, पण कानाला सख्खी बहीण लागते. बहिणाबाईंच्या ओव्या तिला पाठ आहेत, त्या गाणं म्हणून. पण एवढं अख्खं पुस्तक, त्यात भाकर, वावर, उसनवारी, शेजारणीची भांडणं आणि सगळं आपल्या बोलण्यासारख्या बोलण्यात, हे तिला नवीन होतं. नंतर रोज दुपारी जेवण झालं की तीच विचारायची, कौतिकचं काय झालं. गल्लीतल्या दोन बाया पण येऊन बसायला लागल्या. मी वाचता वाचता थांबलो तर त्या तिघी आपसातच बोलायच्या, महादेवचं काय चुकलं, कौतिकनं माहेरी जायला पाहिजे होतं का नाही, आणि एकमत कधीच व्हायचं नाही. शेवटचं प्रकरण मी वाचलं त्या दिवशी कोणी बोललं नाही. मग माय उठता उठता म्हणाली, "एवढं केलं तिनं, तरी पुरलं नही." मी धगवर नंतर दोन-तीन लेख शोधून वाचले, चांगले होते, पण त्या कादंबरीबद्दल एवढं नेमकं मला त्यात मिळालं नाही.

आनंद यादवांची गोतावळा (१९७१) ही तिसरी. तिच्याबद्दल लिहिताना मला जड जातंय. नारबा नावाचा सालदार गडी, एकटा, त्याला घरदार नाही, मालकाच्या मळ्यातली जनावरं, पाखरं हाच त्याचा गोतावळा. तोच सगळं सांगतो, त्याच्या कोल्हापूरकडच्या बोलीत. पहिली पंधरा-वीस पानं बोली अडते, मग अडत नाही. मग मळ्यात ट्रॅक्टर येतो. जनावरं एकेक करून जातात आणि नारबाला कळत नाही की आता आपण इथं कोणाचे.

आमच्याकडे छोटा ट्रॅक्टर आला तेव्हा बैलजोडी विकली. मीच विकली. वडील तेव्हा काही बोलले नाहीत, हिशोब त्यांना पण पटला होता, बैलाचा वर्षाचा चारा आणि काम यांचा मेळ बसत नव्हता. पण त्यानंतर कितीतरी दिवस ते पहाटे चारला उठून गोठ्यात जायचे. चारा टाकायला. गोठ्यात जाऊन थोडा वेळ उभं राहायचे आणि परत यायचे. आज त्या गव्हाणीत ठिबकच्या नळ्यांची बंडलं ठेवतो, आणि गव्हाणीची एक कडा अजून गुळगुळीत आहे, बैलांच्या माना घासून घासून झालेली. गोतावळा वाचेपर्यंत मी त्या कडेकडे कधी पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टर घेतला ते चूक होतं असं मी म्हणत नाही आणि यादव पण म्हणत नाहीत, पण काय गेलं ते त्यांनी लिहून ठेवलं, आमच्यापैकी कोणी ते लिहिलं नव्हतं. वडील आता नाहीत, नाहीतर त्यांना वाचून दाखवली असती.

आता आपल्या घरच्या माणसाकडे येतो. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, फैजपूरच्या जवळ, आमच्यापासून मोटारसायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर. त्यांना २०१४ चा ज्ञानपीठ मिळाला तेव्हा आमच्याकडे सगळ्या ग्रुपवर अभिनंदनाचे फोटो फिरले, मी पण पाठवला, आणि तेव्हा मी त्यांचं एक पान वाचलेलं नव्हतं. या वर्षी कोसला वाचली. १९६३ ला आली तेव्हा नेमाडे पंचवीस वर्षांचे होते. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला जातो, होस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्र, आणि बापाचा पैसा पाण्यासारखा जातो, हातात काही येत नाही, शेवटी गावी परत. इथं माझा हाताच्या कामाचा नियम उलटा लागला, पांडुरंगाच्या हाताला कामच नाही, हेच त्याचं दुखणं आहे. त्याचा बाप पैशावरून जे बोलतो ते वाचताना मला दोन्ही बाजू कळत होत्या, कारण मी तसा मुलगा पण होतो आणि आता माझा मुलगा बाहेर शिकतोय.

आणि मनी. पांडुरंगाची धाकटी बहीण देवीच्या रोगानं जाते. मी ती पानं रात्री दोनच्या सुमाराला वाचली. त्यात पांडुरंग जे बोलत सुटतो, राग, दुःख, सगळं एकात एक, तसं मी आधी कुठंच वाचलेलं नव्हतं. व्हॉल फिरवायचा राहून गेला, सकाळी पाहिलं तर एका प्लॉटला दुप्पट पाणी आणि दुसरा कोरडा. ज्यांना कोसला विचित्र भाषेची, बंडखोर वगैरे ऐकून माहीत आहे त्यांना माझं सांगणं एवढंच, मनीची पानं येईपर्यंत सोडू नका.

हिंदू (२०१०) पण वाचली, ती सहाशे पानं आहेत आणि मला अडीच महिने लागले. सुरुवात मोहेंजोदडोच्या खोदकामापासून होते, तिथं बरेच जण सोडून देतात, मी पण एकदा ठेवून दिली होती. पण खंडेराव बाप गेल्यावर मोरगावला येतो आणि गाव, वाडा, आत्या, भाऊबंदकी, पिकं, सालदार, महानुभाव सगळं उलगडायला लागतं तेव्हा ते आपलंच आहे. पूर्ण पटली असं नाही. मधे मधे लेखक फार भाषण करतात असं माझं मत आहे आणि बायांबद्दलच्या काही जागा मला खटकल्या. पण खानदेशातल्या शेतकरी घराचं एवढं मोठं चित्र दुसरीकडे मला सापडलं नाही, आपल्याकडच्या प्रत्येक वाचनालयात तिच्या दोन-तीन प्रती पाहिजेत.

आणखी एक आपल्याकडची गोष्ट, जी मला पण या वर्षीच कळली. मराठी कादंबरीचा पाया ज्यांनी घातला असं म्हणतात ते हरि नारायण आपटे जन्मले पारोळ्याला, १८६४ साली. पारोळ्यावरून मी धुळ्याला शंभर वेळा गेलो असेन, हे कोणी सांगितलं नाही. त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून त्यांच्याच करमणूक साप्ताहिकात क्रमशः येत होती. यमू नावाची मुलगी स्वतःची गोष्ट स्वतः सांगते, लग्न, सासर, शिक्षणाची ओढ, मग वैधव्य आणि जबरदस्तीनं केशवपन. भाषा जुनी आहे, मधली पानं लांबतात हे कबूल. पण यमू बोलते तशी, घरातली मुलगी ओट्यावर बसून सांगते तशी आहे, आणि सव्वाशे वर्षांच्या वर झाली तरी ती ऐकू येते. माझ्या मुलीनं, ती बारावीला आहे, माझ्याकडून ती घेतली आणि शेवट वाचून दोन दिवस माझ्याशी त्याच्यावरच बोलत होती.

सदानंद देशमुखांची बारोमास (२००२, हिला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे) मी सलग वाचू शकलो नाही. ती बुलढाण्याकडची, म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली. एकनाथ चांगला शिकलेला, नोकरीला संस्थावाले पैसे मागतात, शेतीत पुरत नाही, बायको अलका नोकरीवाल्याच्या आशेनं आलेली, घरात रोज कटकट. माझं पण बी. एड. झालेलं आहे. एका संस्थेत मुलाखत झाली, चहा पाजला आणि मग आकडा सांगितला. तो आकडा म्हणजे आमची निम्मी जमीन. मी घरी येऊन कोणाला सांगितलं नाही, जागा भरलेली होती म्हणून सांगितलं. वीस वर्षं झाली. बारोमास वाचल्यावर बायकोला पहिल्यांदा खरं सांगितलं. ती म्हणाली मला माहीत होतं.

तिच्याबद्दल निघालंच आहे तर कविता महाजनांची ब्र (२००५) घरी मी आणली पण वाचली तिनं, दोन वेळा. ती पाच वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होती, महिला राखीव जागेवर. ब्रमधली प्रफुल्ला संस्थेच्या कामात आदिवासी भागातल्या निवडून आलेल्या बायांना भेटत फिरते आणि त्या बाया तिला काय काय सांगतात, सही कर म्हणून कागद पुढे ठेवतात, बोलायला उठली की काय काय होतं. माझी बायको वाचता वाचता पेन्सिलनं रेघा ओढत होती, वाचनालयाचं पुस्तक आहे म्हटलं तर म्हणाली नवीन विकत आणून देऊ त्यांना. आणून दिलं. रेघांचं आता आमच्या घरी आहे. त्या रेघा मी वाचल्या तेव्हा ती पाच वर्षं तिची कशी गेली ते मला कळलं, तेव्हा मी तिच्याबरोबर मीटिंगला जायचो आणि मदत करतोय असं समजायचो.

बाकीच्या थोडक्यात. विश्वास पाटलांची झाडाझडती (१९९१) धरणानं उठलेल्या लोकांची आहे, आमच्याकडे ज्यांनी हतनूर धरणाच्या वेळच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या त्यांनी तर नक्की वाचावी. अण्णाभाऊ साठ्यांची फकिरा (१९५९) एका रात्रीत होते, घोड्यासारखी पळते. नंदा खऱ्यांची उद्या (२०१४) कठीण आहे, माणसावर सतत नजर ठेवणारे दिवस कसे येतात त्याची, मला सगळी समजली नाही पण वाचताना मोबाईल पालथा ठेवावासा वाटला. तिला अकादमी मिळाला तो त्यांनी घेतला नाही. मृत्युंजय कॉलेजात फार आवडलेली, या वर्षी परत घेतली तर पुढे सरकवेना, शब्द फार वाटले, वय झालं असेल किंवा शेळके-माडगूळकरांनी सवय बिघडवली असेल.

आता तुम्हाला विनंती. २०२४ ला साने गुरुजींच्या अमळनेरला साहित्य संमेलन झालं तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलवर मी स्वतः गर्दी पाहिली, त्यात पागोटेवाले म्हातारे होते, शाळेच्या पोरी होत्या, पन्नास रुपयांचं पुस्तक हातात घेऊन मागची किंमत परत परत बघणारी माणसं होती. ती कुठं गेलेली नाहीत, इथंच आहेत. पुढच्या वर्षी यादी करताना त्यांना पण विचारा. एरंडोलच्या टेलरला विचारा, चोपड्याच्या नर्सबाईंना विचारा, भुसावळहून रोज रेल्वेनं अपडाऊन करणाऱ्याला विचारा की बाबा वर्षभरात काय वाचलंस. पाच ओळी छापा, नाव नाही छापलं तरी चालेल. आणि वाचनालयं चालवणाऱ्यांना एकच म्हणणं, वर्षातून एकदा खालच्या रॅकमधली पुस्तकं वर आणा, टेबलावर ठेवा, आठ दिवस का होईना. आमच्या स्वतःच्या गावातल्या वाचनालयाला तर कुलूप आहे, चावी ज्यांच्याकडे आहे त्यांना मी चार वेळा भेटलो, पाचव्यांदा पण जाईन.

तालुक्याच्या वाचनालयातली धग सध्या माझ्याकडेच आहे, मायनं परत एकदा वाचायला लावली म्हणून दुसऱ्यांदा आणली. कौतिक घर सोडून निघते तिथपर्यंत आलोय. येत्या सोमवारी परत करतोय, मागच्या कव्हरला चिकटपट्टी लावून. आपल्या तालुक्यातल्या कोणाला पाहिजे असेल तर मंगळवारपासून मिळेल.

आपला,
एक वाचक, तापीकाठ, ता. रावेर